दिनविशेष : ६ मे
व्हॅन डर ग्राफ पुन्हा मंचावर (२००५)

लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ हा विस्मरणात गेलेला प्रोग्रेसिव्ह रॉक बँड ६ मे २००५ रोजी पुन्हा एकत्र वाजला. गायक-गीतकार पीटर हॅमिल, ऑर्गनवर ह्यू बँटन, ड्रमवर गाय इव्हान्स आणि सॅक्सोफोनवर डेव्हिड जॅक्सन ही गाजलेली चौकडी हजर होती.

बँड जन्मला १९६७ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठात. नाव घेतले स्थिर विद्युत तयार करणाऱ्या व्हॅन डी ग्राफ यंत्रावरून, तेही चुकीच्या स्पेलिंगसह! पिंक फ्लॉइड, जेनेसिस हे बँड घरोघरी पोहोचले. व्हॅन डर ग्राफच्या वाट्याला मोजकेच पण कट्टर चाहते आले. अपवाद इटलीचा. १९७१ चा ‘पॉन हार्ट्स’ हा अल्बम तिथे विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातली एकच रचना २३ मिनिटांची, एका एकाकी दीपगृहरक्षकाची. गिटार नावापुरती, बेस बँटन बहुतेक वेळा पायाने, ऑर्गनच्या पेडलवर वाजवायचा. जॅक्सन तर गळ्यात दोन सॅक्सोफोन अडकवून दोन्ही एकदम फुंकायचा. ऐकायला सोपे मुळीच नाही, पहिल्यांदा तर अंगावरच येते.

१९७८ मध्ये बँड मोडला. गंमत म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकची टर उडवणाऱ्या पंक पिढीतल्या जॉनी रॉटनने १९७७ मध्ये रेडिओवर आवर्जून हॅमिलची गाणी लावली होती. २००३ च्या अखेरीस हॅमिलला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून सावरल्यावर चौघांनी ‘प्रेझेंट’ हा अल्बम केला. पुढे जॅक्सन बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी बँड चालू ठेवला.