रेषेच्या दोन्ही बाजू

साल 2001. मॅनहॅटनमधल्या एका लॉफ्टमध्ये तुम्ही टेबलाला खेटून उभे आहात. समोर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर वाकलेल्या चित्रकार झरीना हाश्मी, साठी ओलांडलेल्या. त्या रेषा कोरतायत असं तुम्हाला वाटतं. जरा जवळ या. रेषेला हत्यार लागतच नाहीये. लाकूड निघतंय ते तिच्या अवतीभवतीचं. वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी ठोकळ्यावरून घेतलेल्या छापात, उंच राहिलेला भागच शाई धरतो. म्हणून एक काळी रेष उमटवायची, तर तिच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं खरवडून काढावं लागतं. तरी मधूनमधून बारीक कंगोरे राहतातच आणि तेही शाई उचलतात. शिवाय ठसा उलटा उमटतो. त्यामुळे कोरताना पश्चिम उजवीकडे आणि पूर्व डावीकडे धरायची.

हाताने बनवलेला भारतीय कागद ठोकळ्यावरून उचलला जातो. वरून उजवीकडून खाली डावीकडे वेडीवाकडी उतरणारी जाड काळी रेष. गावांची नावं नाहीत, नद्या नाहीत, बाण नाही. दूरदेशीच्या कुणाला हे निव्वळ अमूर्त चित्र वाटेल आणि ते आवडेलही. तुम्ही मात्र शाळेत नकाशे काढलेत. खालच्या टोकाशी कच्छ असणार, हे तुमच्या बोटांनाच आधी कळतं. ही भारत-पाकिस्तानमधली सीमा. चित्राचं नाव ‘डिव्हायडिंग लाइन’.

आता मागे चला. साठच्या दशकातलं पॅरिस, हेटर यांची ‘अतेलिए 17’ ही छापचित्रांची कार्यशाळा. आंध्रातून आलेले छापचित्रकार कृष्णा रेड्डी इथे आहेत आणि गणितातली पदवी घेऊन आलेली, मुत्सद्द्याची पत्नी असलेली तरुण झरीनाही. इथे फार रेंगाळू नका.

1959. अलिगड मुस्लिम विद्यापीठात इतिहास शिकवणारे वडील आणि बाकीचं कुटुंब कराचीला जातंय. झरीना आदल्याच वर्षी लग्न होऊन गेलेली. हे विस्थापन नीट समजून घ्या, कारण फाळणीच्या नेहमीच्या गोष्टीत ते बसत नाही. अलिगड भारतातच राहिलं, घर जागच्या जागी राहिलं आणि माणसं रेषेपलीकडे गेली. मायदेशी परतलं तरी माहेर परदेशात, अशी ही तऱ्हा.

आणखी मागे. 8 जुलै 1947, दिल्ली. त्यापूर्वी हिंदुस्थानात कधी पाऊलही न ठेवलेले सर सिरिल रॅडक्लिफ फाळणीची सीमा आखायला दाखल होतात. समोर नकाशे आणि जनगणनेचे आकडे. जेमतेम पाच आठवडे हातात. तुम्ही त्या टेबलाशी कितीही वेळ उभे राहा, पंजाबातली एखादी विहीर किंवा एखादं अंगण कागदावर दिसणार नाही. निवाडा जाहीर होतो 17 ऑगस्टला. स्वातंत्र्य येऊन दोन दिवस झालेत आणि सीमेवरच्या गावांना आपण कुठल्या देशात जागे झालो, हेच ठाऊक नाही. झरीना तेव्हा दहा वर्षांची आहे.

ही दोन टेबलं एकापाठोपाठ बघितली, की माझ्या मते हे चित्र खरं उलगडतं. ‘फाळणीची वेदना’ एवढंच म्हणून त्याची बोळवण करणं मला पटत नाही. तसा मथळा कुठल्याही चित्राला चिकटवता येईल. रॅडक्लिफना रेष ओढण्यासाठी जमिनीला हात लावावा लागला नाही. झरीनांना मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंच्या इंच न् इंच भूमीवरून हात फिरवल्याशिवाय ती मिळतच नाही. सगळी मेहनत दोन्ही देशांवर झालेली आहे, आणि ज्या एका गोष्टीला त्यांनी स्पर्श केला नाही, तीच काळी होऊन उठलीय. कागदावरचे ते बारीक काळे कण बघा. हात तिथून गेल्याच्या त्या खुणा आहेत.

त्याआधी 1999 मध्ये त्यांनी ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या संचात 36 वुडकट केले. घर, दार, उंबरठा, सरहद अशा एकेका उर्दू शब्दासोबत एकेक भूमितीय चित्र. आता ‘डिव्हायडिंग लाइन’नंतर तीन वर्षं पुढे सरका, 2004 मध्ये. ‘लेटर्स फ्रॉम होम’. थोरल्या बहिणीने, राणीने, लिहिलेली पण टपालात न टाकलेली उर्दू पत्रं, आणि त्यांच्यावर छापलेले घरांचे आराखडे, शहरांचे नकाशे. उर्दू वाचता येत नसेल, तर ती अक्षरंही तुम्हाला रेषांची जाळी वाटतील. उर्दू येणाऱ्या कुणाला तरी सोबत घ्या.