‘देवमाणूस’: खुनी सुरुवातीलाच कळला, मग रहस्य कशाचं होतं?

रहस्यमय मालिका म्हटली की प्रेक्षक खुनी शोधत बसतात. झी मराठीवर ३१ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेल्या ‘देवमाणूस’नं ती सोयच ठेवली नाही. गावाचा लाडका डॉक्टर अजितकुमार देव (किरण गायकवाड) हाच खुनी आहे, हे प्रेक्षकांना सुरुवातीलाच कळलं. गावाला मात्र कळत नव्हतं. का कळत नाही, हेच या मालिकेचं खरं रहस्य.

उत्तर गावाच्या सवयीत आहे. डॉक्टर अडीनडीला धावून येतो, गोड बोलतो, त्यामुळे त्याची डिग्री कुणी विचारत नाही. त्याच्या जाळ्यात अडकलेल्या बायका हे नातं घरी सांगू शकत नाहीत. बदनामीची ही भीती त्याला आयतीच मिळते, आणि इंजेक्शनपेक्षा तीच जास्त उपयोगी पडते. बाई गायब झाली की लोक आधी तिच्याबद्दल कुजबुजतात, डॉक्टरबद्दल नाही.

हे कल्पनेतून आलेलं नाही. मालिकेमागची प्रेरणा आहे साताऱ्यातल्या वाईचं संतोष पोळ प्रकरण. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला अटक झाली आणि २००३ पासून सहा जणांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. सहापैकी पाच महिला. धोममधल्या त्याच्या फार्महाऊसवर मृतदेह सापडले. हाच पोळ परिसरात भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी करणारा कार्यकर्ता म्हणूनही ओळखला जायचा. म्हणजे ‘देवमाणूस’ हे नाव उगाच चिकटवलेलं नाही.

मालिका कमी पडली ती दुसरीकडे. सरू आजीच्या (रुक्मिणी सुतार) म्हणी आणि शिव्यांनी ताण हलका केला, ते ठीक. पण खुनी इतका देखणा आणि हुशार रंगवला की सोशल मीडियावर त्याचेच चाहते वाढले. गावासारखे प्रेक्षकही भुलले म्हणायचे! ऑगस्ट २०२१ मध्ये पहिलं पर्व संपलं, डिसेंबरमध्ये दुसरं आलं आणि २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’. एव्हाना ‘का दिसत नाही’ हा प्रश्न मागे पडून ‘आता कोणाचा नंबर’ एवढंच उरलं होतं.

मूळ प्रश्न तसाच आहे. वाई असो की पुण्याला खेटलेलं लोणी काळभोर, दवाखान्यात शिरताना डॉक्टरचा नोंदणी क्रमांक किती जण बघतात? ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येते.