ओझं कुठे ठेवायचं? मालवाहू सायकलीच्या निवडीचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं सायकलीत काय काम? काम आहे ते 'निवड' या शब्दाशी. आठवड्याचा बाजार, धान्याचं पोतं, दोन पोरं आणि त्यांची दप्तरं रोज वाहायला कुठली मालवाहू सायकल घ्यावी, असं हल्ली पुष्कळजण विचारतात. दुकानदार किंमत सांगतो, बॅटरी दाखवतो. पण हे जे तीन-चार घाट आज दिसतात, ते कुणासाठी आणि कशापायी घडले, हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

इंग्लंडमधल्या खाटकाच्या पोऱ्यापासून सुरुवात करू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे खाटीक, पाववाले, वाणी घरपोच माल धाडत, तो सायकलीवरून. या सायकलीचं पुढचं चाक मुद्दाम लहान, म्हणजे त्याच्यावर मोठी टोपली मावते. आणि ती टोपली हँडलला नव्हे, फ्रेमला जखडलेली. हँडल वळतं, टोपली वळत नाही. हँडलला दहा किलोची पिशवी अडकवून वळण घेऊन बघा, म्हणजे यातली अक्कल कळेल. आपल्याकडचा दूधवाला कॅन मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली लटकवतो, तीही तीच अक्कल. कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे, रोजच्या रस्त्यावर शिकलेली.

पण सायकल निवडली कुणी? दुकानदाराने. फ्रेमच्या मधल्या पट्टीवर नावही त्याच्या दुकानाचं. पाय मात्र पोऱ्याचे. ही फारकत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोपनहेगनमध्ये असे माल पोचवणारे सायकलस्वार इतके होते की त्यांना स्वतंत्र नाव होतं, 'स्वायर'. 1942 पासून त्यांची शर्यतही भरू लागली, ओझं लादून धावण्याची. 1960 नंतर ती बंद पडली. तोवर मोटारव्हॅननी त्यांचा धंदा गिळला होता. (अलीकडे ती पुन्हा सुरू झाली आहे, पण आता हौसेची.) या डेन्मार्कनेच 'लाँग जॉन' नावाचा घाट रुळवला. पुढचं चाक लांब पुढे नेलं, मधल्या जागेत जमिनीलगत फळी टाकली आणि हँडलपासून चाकापर्यंत एक सळई नेली. ओझं खाली, डोळ्यासमोर, आणि सायकल दोनच चाकांची म्हणून वळणावर कलते. सगळ्यात अवघड काय, तर पहिले दहा फूट. चाक आपल्यापासून इतकं दूर की ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं. आठवडाभरात सवय होते.

आता जरा वाकडी वाट करतो. 1954 साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंच सेनापतींचा हिशेब होता, की या डोंगरांतून शत्रू तोफा आणि रसद आणणार कशी? ट्रक होतेच, पण जोडीला हजारो सायकली होत्या, त्यांतल्या कितीतरी फ्रेंच प्यूजो बनावटीच्या! हँडलला बांबू बांधून लांबवलेला, दुसरा बांबू सीटच्या जागी उभा, आणि फ्रेमवर 200 किलो किंवा त्याहूनही जास्त माल. ही सायकल कुणी चालवत नव्हतं, ढकलत होतं. दोन चाकांवर ठेवलेलं ओझं खांद्यावरच्या ओझ्याच्या कितीतरी पट जातं, हा त्यातला धडा. झारखंडात कोळसा नेणारे आजही हेच करतात. तिथे शत्रू नाही, पोट आहे.

1984 साली पुन्हा कोपनहेगन. 1971 पासून लोकांनी ताब्यात घेतलेली ख्रिस्तियानिया ही जुन्या बराकींची वसाहत. तिथे मोटारींना मज्जाव. लार्स एन्गस्ट्रॉम या लोहारकाम करणाऱ्या रहिवाशाने आपली जोडीदार अ‍ॅनी हिला वाढदिवसाला एक तिचाकी करून दिली, पुढे दोन चाकं आणि मधे पेटी. शेजाऱ्यांनीही मागितली. माझ्या मते या इतिहासातला खरा बदल हा. निवडणारा आणि पाय मारणारा माणूस इथे एक झाला, आणि पेटीत खाटकाचं मटण जाऊन स्वतःचं मूल बसलं.

तिचाकीचे गुण-दोष सरळ आहेत. उभी असताना पडत नाही. मूल चढतं-उतरतं तेव्हा हे फार मोलाचं. पण वळणावर ती कलत नाही, म्हणून वेगात वळलात तर आतलं चाक उचललं जातं. एका अंगाला उतरत्या रस्त्यावर ती त्या अंगाला ओढतेही. सपाट शहराला आणि सावकाश माणसाला ती शोभते. आपल्या घाटाघाटांच्या गावांत मी लांब शेपटीची सायकल सुचवेन. निकाराग्वात काम केलेल्या रॉस इव्हान्स या अमेरिकन अभियंत्याने 1990च्या दशकात तो घाट पुढे आणला. मागचं कॅरियर लांबवलेलं, बाकी साधी सायकल. मात्र ओझं उंचावर येतं, म्हणून स्टँड रुंद आणि भक्कम हवा.

आणि फ्रेम बघा हो, फ्रेम! 2024 च्या फेब्रुवारीत नेदरलँड्सच्या ग्राहकसुरक्षा यंत्रणेने तिथल्या एका मोठ्या कंपनीला मालवाहू सायकलींची विक्री थांबवायला लावली, कारण फ्रेम तुटत होत्या. या पेट्यांत मुलं बसतात. स्वस्त पेटी आणि देखणा रंग यांच्यापुढे वेल्डिंगकडे कोण बघतो?

घरपोच माल आणणारी मुलं आज आपल्या दारात येतात, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन. सारं ओझं मणक्यावर! खाटकाच्या पोऱ्याला निदान टोपली होती. त्यांच्यासाठी सायकल कुणी निवडायची, हा प्रश्न मला आजच्या विषयाबाहेरचा वाटत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी एक आठवडा आपण काय वाहतो ते तराजूवर घालून लिहून ठेवा. सायकल रात्री कुठे उभी राहणार, जिने किती, ते मोजा. मग दुकानात जाताना चाळीस किलो तांदूळ बरोबर न्या आणि तो लादूनच चालवून बघा, उतारावर ब्रेक दाबून. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा. आता तुमचे प्रश्न घेतो.