हेल्मेट रॅली निघते कशी, आणि त्यातलं आपल्या कामाचं काय?

जुन्नर/आंबेगाव : जानेवारी आला की रस्ता सुरक्षेच्या दुचाकी रॅली सुरू होतात. आधी हा सप्ताह असायचा, २०२१ मध्ये पहिल्यांदा महिनाभर झाला. आरटीओ, पोलीस, कॉलेजची पोरं, बुलेट क्लबवाले, सगळे हेल्मेट घालून निघतात. उलटंही घडलंय. जानेवारी २०१९ मध्ये पुणे शहरात पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली, तेव्हा विरोधात बिनहेल्मेटची रॅली निघाली होती.

रॅलीतलं खरं बघण्यासारखं म्हणजे क्लबवाल्यांची चालण्याची पद्धत. सगळ्यात पुढं रस्ता माहीत असलेला एक जण, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. सगळ्यात मागं दुसरा अनुभवी, पंक्चर झालं, कुणी पडलं तर तो थांबणार. मधले एकामागं एक सरळ नाही चालत. एक लेनच्या डाव्या अंगाला, मागचा उजव्या अंगाला. पुढच्यानं ब्रेक मारला तरी मागच्याला जागा मिळते. अंतर निदान दोन सेकंदांचं. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवरून शिवज्योत न्यायला गाड्या घेऊन येणाऱ्या मंडळांनी एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ झालं. तिथं ट्रिपल सीट आणि झेंडा एका हातात, हे दर वर्षी बघतोच आपण.

आता आकडे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात हेल्मेट नसलेले ५० हजार २९, आणि त्यातले १४ हजारांवर मागं बसलेले. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागच्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. म्हणजे बाजाराला मागं बसून येणाऱ्या कारभारणीलाही हेल्मेट पाहिजे. केंद्राच्या कायद्यात हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी तरतूद आहे.

हेल्मेट आयएसआय मार्कचंच घ्या. १ जून २०२१ पासून बिगर आयएसआय दुचाकी हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ढीग लागलेले दिसतात. आणि खालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणूस पडायच्या आधी उडून जातं.

आमच्याकडं कारण ठरलेलं, "इथंच तर जायचंय, डेअरीवर." मीही तेच म्हणायचो. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेल्या चिखलावरून पहाटे गाडी घसरली, कॅन एकीकडं, मी एकीकडं. घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. हेल्मेट घरात खुंटीला होतं. कपाळाला सात टाके पडले. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा गाळप हंगाम नेमका याच दिवसांत असतो. मागं लाल रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसतच नाही. स्वतःची ट्रॉली असेल तर आजच पट्टी चिकटवा, शंभर-दोनशेचं काम आहे.

कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन करा. पोलीस मागं लागतील म्हणून लोक पुढं होत नाहीत. पण कलम १३४ अ नुसार चांगल्या भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही. जखमी शुद्धीत नसेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. काच वर करा, श्वास बघा, रुग्णवाहिका येईपर्यंत मान हलू देऊ नका.