आरशामागचं पोलाद

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. पोलादाचा एक तुकडा घासून घासून अगदी आरसा केला आणि मोठ्या ऐटीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दिसलं काय? काहीही नाही! नुसता पांढरा उजेड. मग सौम्य नायट्रिक आम्लात बुडवला. चकाकी गेली आणि आत नक्षी उमटली. दोन आठवडे मी ती मोजत बसलो. नंतर कळलं, की कागद बदलताना घाईत एक पायरी गाळली होती. खरखरीत कागदाने चेंगरलेला वरचा थर तसाच राहिला होता, आणि मी मोजत होतो तो माझाच उतावळेपणा! सगळे आकडे कचऱ्यात गेले.

तेव्हापासून हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या माणसाबद्दल मला भलताच आदर वाटू लागला.

सॉर्बी (१८२६-१९०८) शेफील्डचा. वडिलोपार्जित पैसा होता, त्यामुळे नोकरीची गरज नव्हती. १८४९ च्या सुमारास त्याने दगड उजेड आरपार जाईल इतके पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सुरुवात केली. पर्वताचा अभ्यास कुणी सूक्ष्मदर्शकातून करतं का, म्हणून लोक हसले. पुढे तो अशनींकडे वळला, आणि अशनीतल्या लोखंडावरून साध्या लोखंडाकडे. साल १८६३.

पण धातू दगडाइतका पातळ घासला तरी त्यातून उजेड जात नाही. तो वरूनच पाडावा लागतो आणि परत येणारा बघावा लागतो. म्हणजे सगळी भिस्त पृष्ठभागावर! सॉर्बीने क्रम बसवला. आधी एमरी कागद, मग बारीक दगड, शेवटी तांबडी रूज पूड, आणि सगळ्यात शेवटी अगदी सौम्य आम्ल. मऊ धातू रगडला की तो नुसता सारवल्यासारखा पसरतो, चकाकतो आणि खालचं सगळं झाकून टाकतो. त्याला चकाकी नको होती, न दुखावलेला धातू हवा होता. आजही आम्ही तेच करतो. प्रत्येक कागदाला तुकडा काटकोनात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासायचं. आधीच्या कागदाची चूक पुढचा कागद निस्तरत नाही.

१८६४ मध्ये बाथ इथल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याने पोलादाच्या अंतरंगाची छायाचित्रं दाखवली. आणि मंडळी, पुढची वीस वर्षं कुणी फारशी दखलच घेतली नाही! तीही शेफील्डसारख्या पोलादाच्या गावात. कारण सोपं होतं. पोलाद विकलं जात होतं, मग आत डोकावून करायचं काय? पुढे सॉर्बीनेच सांगून ठेवलंय, की रेल्वे अपघातानंतर रूळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासा असं त्या काळी कुणाला सुचवलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं.

१८७८ मध्ये जर्मनीत आडोल्फ मार्टेन्सने स्वतंत्रपणे हेच काम सुरू केलं. १८८० च्या दशकात सॉर्बी पुन्हा आपल्या जुन्या नमुन्यांकडे वळला. जास्त वर्धनाखाली, सुमारे ६५० पट, त्याला दिसलं की पोलादातला मोत्यासारखा चमकणारा भाग म्हणजे दोन पदार्थांचे एकाआड एक अतिशय पातळ पापुद्रे आहेत. त्यालाच आपण आज पर्लाइट म्हणतो. १८८७ मध्ये त्याचा मोठा निबंध छापून आला, आणि तुटलेल्या रुळाचा किंवा धुऱ्याचा तुकडा कापून तपासणं हळूहळू नेहमीचं काम झालं.

रूळ का तुटला, हे आज आपण ठामपणे सांगू शकतो ते या घासण्याच्या जिवावर. पण तपासणाऱ्याने एक पायरी गाळली, तर तुकडा खोटी साक्ष देतो, आणि तीही चकाकत! माझे दोन आठवडेच गेले. रुळाच्या बाबतीत काय जाईल, ते सांगायला नको.

असो. दुपारी पुन्हा घासायला बसायचंय. पहिल्या कागदापासून.