‘कुठली आहे ज्वारी?’

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही आठवडी बाजारात ज्वारीच्या ढिगापाशी थोडा वेळ उभे राहावे. गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. ते विचारते, ‘कुठली आहे?’ मग चार दाणे तळहातावर घेते, फुंकर घालते, एखादा दाताखाली धरते आणि दुसरा प्रश्न टाकते, ‘भाकरी कशी होते?’ विकायला बसलेली बाई सांगू लागते. रान काळे की मुरमाड, पाणी विहिरीचे की कालव्याचे, काढणीला पाऊस लागला की नाही, आणि शेवटी हमखास येणारे वाक्य : आम्ही घरी हीच खातो. भाव त्यानंतर निघतो.

ज्या विषयाच्या दाराशी या पुस्तकाचा वाचक आला आहे, तो सगळा विषय या दोन मिनिटांच्या बोलण्यात आहे. गोष्टीतून विपणन, ऑनलाइन साधनांतून ग्राहकाशी दुतर्फी संवाद, ही नावे अभ्यासक्रमांत अलीकडे आली. ती ऐकली की विषय मुंबई-पुण्याच्या जाहिरातसंस्थांचा वाटतो आणि गंगाखेडचा किंवा जिंतूरचा विद्यार्थी उंबऱ्यावरच थबकतो. त्याने आत यावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. ‘विपणन’ हा शब्द जड वाटतो खरा, पण तो आणि ‘विपणि’ एकाच धातूचे आहेत, आणि विपणि म्हणजे बाजारपेठ. म्हणजे आपण पुन्हा त्या ढिगापाशीच येतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या विषयात गोष्टीला फार मान मिळाला आहे आणि प्रश्नाला फार थोडा. गोष्ट सांगणारे पुष्कळ झाले. विचारलेल्याला नीट उत्तर देणारे अजून कमी आहेत. नव्या साधनांची खरी किंमत त्यांच्या चकचकीत चित्रफितींत नाही. शेकडो मैल दूर बसलेल्या गिऱ्हाइकालाही ती पुन्हा ‘कुठली आहे?’ असे विचारू देतात, यात ती आहे.

हा प्रश्न मधल्या काळात बंद कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. बाजार मोठा झाला, माल करणारा आणि घेणारा यांची गाठ पडेनाशी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सेंट एल्मो लुईस यांनी विक्रीच्या पायऱ्या मांडल्या : लक्ष वेधा, रस निर्माण करा, इच्छा जागवा. ‘कृती’ची चौथी पायरी पुढे जोडली गेली. विपणनाच्या पाठ्यपुस्तकांतून ही शिडी आजही शिकवली जाते आणि शिकवावी, ती उपयोगी आहे. पण तिच्यावर गिऱ्हाइकाने बोलायची पायरीच नाही.

त्यानंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रात मात्र एक वेगळे काम उभे राहत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगर विकायचा होता आणि लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. समजूत किंमत उतरवून जात नाही. तिच्याशी बोलावे लागते. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याचे हे पत्र हळूहळू वाचकांच्या आयुष्यात शिरले, पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतले एक मातब्बर मासिक झाले, आणि त्याच घरातून 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. अमेरिकेत जॉन डिअर या अवजारांच्या कंपनीने 1895 पासून ‘द फरो’ हे शेतकऱ्यांचे नियतकालिक चालवले आहे, त्याच जातीचे हे काम. पण माझ्या मते किर्लोस्करांचे काम अधिक मोठे. नांगरापासून निघालेले पत्र वाचकाच्या घरातल्या प्रश्नांपर्यंत पोचले आणि तिथेच राहिले. आज ‘कन्टेंट मार्केटिंग’ शिकणाऱ्याने परदेशी उदाहरणांआधी हे जुने अंक ग्रंथालयात बसून चाळावेत.

गोष्ट मनावर नेमके काय करते, याचाही अभ्यास झाला आहे. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने 1986 मधल्या आपल्या पुस्तकात विचाराच्या दोन रीती सांगितल्या : एक पुराव्याने पटवणारी, दुसरी कथेने. 2000 साली मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी प्रयोगांतून दाखवले की वाचक गोष्टीत जितका रमतो, तितकी त्याची मते गोष्टीच्या बाजूला झुकतात. गोष्टीतल्या खटकणाऱ्या जागा शोधायला सांगितल्या, तर रमलेल्या वाचकाला त्या कमी सापडतात. ज्याने कीर्तनात रात्र काढली आहे त्याला हे प्रयोगाविना ठाऊक असते. पण विक्रेत्याच्या हाती ही ताकद आली की तिच्याबरोबर जबाबदारी येते, कारण समोरच्याची पारख तेवढ्या वेळापुरती सैल झालेली असते. प्रश्न विचारायची वाट मोकळी ठेवली, तर ती पारख त्याला परत मिळते.

आता परभणीकडे येऊ. या जिल्ह्याने स्वतःबद्दल दोन वाक्ये जपली आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे एक, आणि ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ हे दुसरे. पहिल्यात छाती फुगवलेली आहे. दुसऱ्यात जमले नाही तर परतायचे ठिकाण म्हणून गाव उरले आहे. दोन्ही वाक्ये तालामुळे टिकली, आणि दोन्हींत परभणीत काय पिकते, काय घडते, याचा एक शब्दही नाही. नाव गाजले, गोष्ट राहून गेली.

ती गोष्ट बियाण्याच्या पाकिटावर आहे. 18 मे 1972 रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. इथून 1980 च्या दशकात भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण बाहेर पडला. त्या वेळी पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगाने भेंडीचे मळे बसत होते. ‘पुसा सावनी’ हा लोकप्रिय वाण त्या रोगापुढे टिकेना. शास्त्रज्ञांनी त्याचा संकर भेंडीच्या एका दूरच्या भावकीतल्या जातीशी केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली आणि रोगाला दाद न देणारे झाड उभे केले. परभणीचे नाव देशभरच्या भाजीमळ्यांत गेले. पुढे विषाणू बदलत गेला, या वाणाचीही प्रतिकारशक्ती ओसरली आणि संशोधन पुन्हा सुरू झाले. शेवटचा हा भाग गाळून गोष्ट सांगितली तर ती जाहिरात होते. ठेवून सांगितली तर शेतकरी पुढच्या वाणाबद्दल विचारायला परत येतो. 2018 मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आणि हे विद्यापीठ यांच्या कामातून ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आली, लोह आणि जस्त जास्त असलेली, देशातली पहिली जैवसमृद्ध ज्वारी. शहरात ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावर आरोग्याची मोठमोठी वाक्ये छापली जातात. ती छापणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे?

गोष्टीवर किती संसार उभे असतात, हे पाहायला याच जिल्ह्यातल्या पाथरीला जावे. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून या गावाकडे पाहिले जाते. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा केली आणि 19 जानेवारीला शिर्डीत बंद पाळला गेला. शिर्डीकरांचा आक्षेप निधीला नव्हता, ‘जन्मस्थान’ या शब्दाला होता. तो वाद सोडवणे या विषयाचे काम नाही. श्रद्धेच्या गोष्टीत विक्रेत्याने मध्यस्थी करूच नये. पण एका शब्दावर दोन गावांची हॉटेले, फुलांची दुकाने आणि गाड्या कशा अवलंबून असतात, हे विद्यार्थ्याने डोळे उघडे ठेवून पाहावे.

सगळ्याच मालाला गोष्ट लागत नाही, हेही सांगायला हवे. मोंढ्यात सोयाबीनचे बीट चालू असते तेव्हा व्यापाऱ्याला ओलावा आणि काडीकचरा कळला की पुरे. 14 एप्रिल 2016 ला सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजारमंचावरही माल प्रतवारीने ओळखला जातो, आणि ते योग्यच आहे. गोष्ट लागते तिथे, जिथे एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांनी फरक ओळखता येत नाही : ज्वारीचे पीठ, गावरान तुरीची डाळ, काळा मसाला, घाण्याचे तेल.

साधनांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ती दर वर्षी बदलतात. छोट्या व्यापाऱ्यांसाठीचे व्हॉट्सॲप बिझनेस 2018 मध्ये आले आणि 2019 पासून त्यात मालाची यादी छायाचित्रांसह लावता येऊ लागली. बचत गटातली बाई आज फोनवरून दुकान चालवू शकते. तिने टंकलेल्या पुस्तकी मराठीपेक्षा स्वतःच्या बोलीतला आवाजी संदेश पाठवावा. तिच्या बोलण्यातच तिचे गाव ऐकू येते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था पेटीतला माल थेट नोंदणीकृत बागेपर्यंत मागे नेते. पाकिटावरच्या क्यूआर कोडमागे हेच तत्त्व आहे. तो उघडल्यावर सजवलेले चित्रच दिसणार असेल, तर तो न छापलेला बरा. पेरणीची तारीख, गाव, दळल्याचा दिवस, एवढे दिसले तरी पुष्कळ. ‘आपली आजी’ या यूट्यूब वाहिनीचे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारचे. 2020 पासून आजींनी आधी स्वयंपाक दाखवला, मसाल्यांची विक्री त्यानंतर आली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

एक अनुभव सांगतो. एका पाकिटावर शेतकऱ्याचे हसरे छायाचित्र पाहून मी डाळ मागवली आणि विक्रेत्याच्या संदेशखिडकीत विचारले, तूर कोणत्या गावची? तीन वेळा यंत्राने तेच स्वागताचे वाक्य पाठवले. डाळ बरी होती. पण त्या शेतकऱ्याला गाव नव्हते, आणि मी पुन्हा तिथे गेलो नाही.

कायद्यानेही आता प्रश्न विचारणाऱ्याची बाजू घेतली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि तिची शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करावी, अशा सूचना भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांना दिल्या. 2023 मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. बचत गटाच्या वहीत उतरवलेले गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक ही त्यांची ठेव आहे, दुसऱ्याला द्यायची वस्तू नव्हे, हे पहिल्याच तासाला शिकवले पाहिजे.

या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. पुढचे प्रकरण उघडण्याआधी एक साधी वही घ्या आणि आपल्या गावच्या बाजाराच्या दिवशी एका विक्रेत्याच्या शेजारी, त्याची परवानगी घेऊन, दोन तास बसा. मानवत असो, सेलू असो, पूर्णा असो. भाव लिहू नका. गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न, जसे विचारले त्याच शब्दांत, लिहून घ्या. कोणत्या प्रश्नाला विक्रेता अडखळला, तिथे खूण करा. ती वही घेऊन वर्गात या. आपण तिथून सुरुवात करू.