गोदावरीच्या पाण्यावर खालच्या अंगाचा हक्क

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे. राक्षसभुवन येथे ती गेवराई तालुक्याला स्पर्श करते, मंजरथजवळ सिंदफणेला पोटात घेते आणि परळी तालुक्याच्या कडेने पुढे सरकते. तथापि या काठावरील गावांना वर्षभर पाणी मिळणार की नाही, हे बीडच्या पावसावर फारसे अवलंबून नसते. ते ठरते नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणांच्या दारांवर. खालच्या अंगाला असलेल्या या प्रदेशाने आपला वाटा कायद्याने कसा मिळविला, याचा हा आढावा.

बीडचे पाणी येते कोठून?

पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६ टीएमसी आहे. त्याचा १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा गेवराईमार्गे येऊन सिंदफणेवरील माजलगाव धरणाला मिळतो. जायकवाडी रिकामे राहिले तर माजलगावचे लाभक्षेत्रही कोरडे पडते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. आष्टी तालुक्याचा प्रश्न मात्र वेगळा. सीना नदीमुळे तो कृष्णा खोऱ्याशी जोडलेला आहे आणि तेथील मागणी कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाच्या पाण्याची आहे.

त्रिभुज प्रदेशाला संरक्षण, मराठवाड्याला प्रतीक्षा

खालच्या अंगाचा हक्क ही कल्पना गोदावरीला नवी नाही. आंध्रातील धवळेश्वरम येथे सर आर्थर कॉटन यांनी बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला आणि नदीच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेश कालव्यांनी भिजू लागला. वरची राज्ये पाणी अडवतील, ही तेथील शेतकऱ्यांची भीती स्वाभाविक होती. बच्छावत लवादाने १९८० च्या निवाड्यात ही वाटणी निश्चित केली. गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे पाणी वापरण्याची मुभा महाराष्ट्राला मिळाली. त्याखालील भागात नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा घालण्यात आली. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडी ठेवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी स्पष्ट केले, ते याच निवाड्याच्या आधारे.

राज्याराज्यांतील वाटणीला अशी चौकट लाभली. परंतु पैठणच्या वरच्या पाण्यात राज्यातल्याच खालच्या जिल्ह्यांचा वाटा किती, याचे उत्तर कोठेही लिहिलेले नव्हते.

२००५ चा कायदा

हे उत्तर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ ने दिले. कलम १२ (६) (ग) नुसार टंचाईची झळ खोऱ्यात सर्वांनी समन्यायाने सोसावी, यासाठी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत खरिपाचा वापर धरून उपयुक्त पाण्याची टक्केवारी साधारणतः सारखी राहील, असे नियंत्रण अपेक्षित आहे. तरतूद नि:संदिग्ध होती. पण कायद्याखालील नियम येण्यास २०१३ साल उजाडले. दरम्यान मराठवाड्याने दुष्काळ सोसला.

रस्त्यावरून न्यायालयात

मोर्चे, ठिय्या आणि रास्ता रोको ही मराठवाड्याच्या पाणी आंदोलनाची जुनी साधने. त्याला कायद्याची जोड दिली ती जाणकार कार्यकर्त्यांनी. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या मराठवाडा जनता विकास परिषदेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. 'वाल्मी'तील निवृत्त प्राध्यापक व जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटी लेखांतून मांडल्या आणि एकात्मिक राज्य जल आराखड्यासाठी स्वतंत्र याचिका दाखल केली.

मेंढेगिरी अभ्यासगटाच्या २०१३ च्या अहवालावर आधारित आदेश प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी दिला. साखर कारखान्यांसह वरच्या भागातील संस्थांनी कायद्याला व या आदेशाला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ रोजी दोन्ही वैध ठरविले.

सूत्र आणि अडथळे

या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा व पालखेड या धरणसमूहांतून तूट भरून काढायची असते. त्याप्रमाणे २०१५ मध्ये १२.८४, २०१८ मध्ये ८.९९ आणि २०२३ मध्ये ८.६० टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. २०१८ व २०२३ मध्ये स्थगिती देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. तरीही २०२३ चा आदेश ३० ऑक्टोबरला निघून पाणी सुटले नोव्हेंबरच्या अखेरीस. पाणी पैठणला पोहोचावे यासाठी वाटेतील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात आणि नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडावी लागते.

वरच्या अंगाचे म्हणणेही दुर्लक्षून चालणार नाही. भंडारदरा (१९२६) व दारणा ही धरणे जायकवाडीहून कितीतरी जुनी आहेत आणि त्यांच्या कालव्यांवर पिढ्यांची शेती उभी आहे. नदीपात्रातून पाणी सोडल्यास मोठा व्यय होतो आणि जायकवाडीच्या उथळ, विस्तीर्ण जलाशयातून बाष्पीभवनही अधिक होते. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरी खोऱ्यात आणावे, ही मागणी त्यातूनच पुढे येते. ते पाणी येईपर्यंत मात्र आहे त्यातच वाटणी करावी लागेल.

पुढील कसोटी

या सूत्राच्या फेरविचारासाठी २०२३ मध्ये नवा अभ्यासगट नेमण्यात आला. त्याने ६५ टक्क्यांची मर्यादा कमी करण्याची शिफारस केल्याने मराठवाड्यात विरोधाचा सूर उमटला. ही मर्यादा जितकी खाली येईल, तितक्या कमी वेळा वरच्या धरणांची दारे उघडतील.

बीडच्या शेतकऱ्यांसमोर घरचा प्रश्नही आहे. माजलगावच्या कालव्यावरही वरचा आणि शेपटाकडचा शेतकरी असा भेद आहेच. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणारा २००५ चाच दुसरा कायदा पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूद करतो. नाशिक-नगरकडे समन्याय मागणाऱ्यांनी तो आपल्या चारीवरही पाळला, तर या मागणीला अधिक बळ येईल.